नानांनी पुरलेली धोतरं

पहिल्याच भेटीत नानांनी मला विचारलं, "तुमच्या घरी धोतर नेसणारं कोणी आहे का?"

मी तेव्हा धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. स्टाफरूममध्ये नव्या माणसाला गाव, जात आणि पगार या गोष्टी आडवळणानं विचारतात. त्याची मी तयारी ठेवली होती. धोतराची नव्हती.

"वडील नेसतात," मी म्हटलं.

"जुनी झालेली काय करता?"

"काही नाही. पोतेरं वगैरे."

"पोतेरं करू नका. मला द्या. फाटकं चालेल, सुती पाहिजे." एवढं बोलून ते तासाला निघून गेले.

मला वाटलं, गृहस्थ दानधर्म करत असावेत. मग वाटलं, स्वतःच अडचणीत असतील. या दुसऱ्या शक्यतेनं मी इतका ओशाळलो की पुढच्या खेपेला गावाहून आबांची, म्हणजे वडिलांची, दोन धोतरं धुऊन, नीट घडी घालून आणली. नानांनी त्यातला एक दोरा ओढून काढला, काडी पेटवून जाळला आणि नाकाजवळ नेला. "कागदासारखा वास आला की सुती," ते म्हणाले. मग माझ्यादेखत ती धोतरं टर्रकन फाडली. वीतभर रुंदीच्या पट्ट्या झाल्या. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणीही मान वर करून पाहिलं नाही. नाना धोतरं फाडतात, ही त्या कॉलेजात जुनी गोष्ट होती.

नाना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. मूळचे शिंदखेड्याकडचे, कोरडवाहू बाजरी-कापसाच्या घरातले. कागदोपत्री त्यांचं नाव भारदस्त होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. वर्गात ते शुद्ध मराठीत बोलत. खरं बोलायची वेळ आली की मात्र अहिराणीत शिरत. त्यांच्या अहिराणीला विद्यार्थी घाबरत आणि विभागप्रमुख तर फारच.

त्या पट्ट्या ते शेतात पुरत. ज्याला हवं त्यानं बोलवावं, नानांनी जावं, केळीच्या किंवा कापसाच्या ओळीत हातभर खड्डा करून ओलीत पट्टी पुरावी, वर खुणेची काठी रोवावी आणि दोन महिन्यांनी येऊन उकरावी. यंत्र नाही, फी नाही, अहवालही नाही. कापूस म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं खाणं. "त्यांचे मांडे," नाना म्हणत. माती जिवंत असेल तर पट्टीची चाळण होऊन निघते, नाहीतर जशीच्या तशी. पट्टी हातात आली की ते ती उन्हात धरत आणि प्रत्येक भोकावर बोट ठेवून खुशीत म्हणत, "आठे कोनी तरी जेवी गया." इथं कोणीतरी जेवून गेलं. शेतकऱ्यालाही मग ती भोकं मोजायचा नाद लागे.

त्यांच्या बोलण्यात सगळीकडं पंगत असे. "वावर म्हणजे पंगत," ते सांगत. "तुम्ही बठ्ठे, सगळेच्या सगळे, वाढपी झालात. युरिया वाढा, पोटॅश वाढा, नळीतून वाढा. बसलंय का कोणी पानावर, ते पाहिलं का?" वर्षानुवर्षं केळीवर केळी घेणाऱ्यांसाठी वेगळी समजावणी होती. "ज्या घरात रोज भरीतच होतं, तिथं भरीत आवडणारेच पाहुणे उरतात. बाकीचे उपाशी जातात. आणि उरलेले मग उठता उठत नाहीत."

माझे थोरले बंधू, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते याच उरलेल्या पाहुण्यांचे यजमान होते. आमचं गाव रावेरच्या अलीकडं, केळीच्या पट्ट्यात. भाऊंची बारा एकर केळी. पावसाच्या तोंडी लावलेली मृगबाग निघाली की थंडीच्या तोंडी कांदेबाग, ती निघाली की फुटव्यांवर धरलेली पिलबाग. जमिनीला श्वास घ्यायला मध्ये एक आठवडा मिळाला तर मिळाला. घड कापले की केळीचे खांब, म्हणजे खोडं, रस्त्याच्या कडेला फेकायचे, वाफे झाडून काढल्यासारखे स्वच्छ ठेवायचे, तणाला औषध, बुरशीला औषध, किड्याला औषध. आमच्या भागात बागायतदाराची इज्जत त्याच्या बागेत किती स्वच्छता आहे यावर ठरते. गवताचं पातं दिसलं तर व्याही नावं ठेवतो.

जळगावच्या एका मंगल कार्यालयात केळीची परिषद भरली आणि तिथं भाऊंना केळीसंबंधीचं कुठलंसं रत्न जाहीर झालं. मी नानांना बरोबर घेऊन गेलो. मंचावर अठरा खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीवर बसणाऱ्याचा स्वतंत्र सत्कार होता. साडेतीन तासांनी केळी हा शब्द प्रथम उच्चारला गेला. मग एका खतकंपनीचे तज्ज्ञ उठले आणि म्हणाले, "आता माती हा फक्त आधार राहिला आहे. झाडाचं अन्न आम्ही पाइपातून देतो."

नानांनी हात वर केला. "साहेब, आधारच लागतो तर माती कशाला? खुर्ची द्या. जेवणाची घोषणा झाली की मंचावर अठरा रिकाम्या होतील."

सभागृह हसलं. भाऊही हसले, कारण जेवणाची घोषणा त्यांनाही हवी होती. पण जेवताना ते नानांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "नाना, माझ्या वावरात पुरा तुमचं धोतर. मग बोला."

पुरलं. आबांचंच होतं. दोन महिन्यांनी नाना आणि मी गेलो तेव्हा भाऊंनी आमची वाट न पाहता पट्टी उकरून ठेवली होती. वहिनींनी ती धुऊन, इस्त्री करून दिवाणखान्यातल्या कपाटात, त्या रत्नाच्या सन्मानचिन्हाशेजारी मांडली होती. एका कोपऱ्यात नखाएवढं भोक सोडलं तर पट्टी अखंड होती.

"बघा," भाऊ म्हणाले, "आपली माती कशी आहे! दोन महिने कपडा ठेवला, मळला तरी का?"

नानांनी ती पट्टी हातात घेतली. एरवी असल्या वेळी त्यांची जीभ सुटायची. त्या दिवशी सुटली नाही. भाऊंच्या चेहऱ्यावर निर्मळ आनंद होता. त्यांनी त्या एकुलत्या एक भोकावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, जरा बांधावर चला."

बरोबर आणलेला सूक्ष्मदर्शक त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मांडला. आरसा उन्हाकडं फिरवला. बांधावरच्या निंबाखालची चिमूटभर माती पाण्यात कालवून एक थेंब काचेवर ठेवला. भाऊंनी डोळा लावला आणि ते बराच वेळ मागं झालेच नाहीत. गोल, लांब, शेपटीचे, पळणारे, नुसते पडून राहणारे. जत्राच होती. मग नानांनी बागेतली माती मुळासकट आणली आणि तिचा थेंब ठेवला. त्यात बारीक दोऱ्यासारखे कृमी तेवढे वळवळत होते.

"हे तं सारे एकाच भावकीचे दिसतात," भाऊ म्हणाले.

"बरोबर," नाना म्हणाले. "केळीच्या मुळावर जगणारी भावकी. आणि बाकीचं गाव कुठं गेलं?"

भाऊंनी डोळा काचेवरून काढला. त्या वर्षी त्यांच्या दोन ओळींना मर लागली होती, खांब चिरला की आत तपकिरी रेघा दिसत. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी नानांना सांगितलं.

ठरलं ते असं. रस्त्याकडचा दोन एकरांचा तुकडा दोन वर्षं केळीशिवाय ठेवायचा. ताग पेरून गाडायचा, मग ज्वारी, पुन्हा ताग, मग उडीद. केळीचे खांब फेकायचे नाहीत, तुकडे करून तिथंच पसरायचे. औषध बंद. दोन वर्षांनी नाना पट्टी पुरतील आणि ती काय म्हणेल त्यावर बाकीच्या दहा एकरांचं ठरेल.

बागायतदारानं रस्त्याकडच्या ओलिताच्या जमिनीत ताग पेरणं म्हणजे आमच्याकडं काय असतं, ते बाहेरच्याला कळणार नाही. येणारा-जाणारा ट्रॅक्टर थांबवायचा. "भाऊ, दोरखंडाचा कारखाना काढता का?" "भाऊ, धुळ्याच्या मास्तरनं सांगितलं म्हने, वावराला उपास धरायला?" ज्या हाताला रत्न मिळालं, तोच हात आता गवत वाढवतो, हा गावाच्या करमणुकीचा विषय झाला. भाऊ फोनवर मला म्हणत, "दोन वर्षं काय, निघून जातीन." पण आवाजात जरा वाळू असे.

मधल्या काळात आबा गेले. आणि भाऊंच्या मुलीचं लग्न झालं. आमच्याकडं लग्नात मानाच्या प्रत्येक पुरुषाला टॉवेल-टोपी देतात. टोपी कोणी घालत नाही आणि टॉवेलानं कोणी अंग पुसत नाही, पण दिली नाही तर पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. खरेदीचं काम माझ्याकडं होतं. जळगावच्या बाजारात मी पुष्कळ घासाघीस केली. दुकानदार म्हणाला, "प्युअर कॉटन आहे सर, लग्नाचा माल आहे." लग्नाचा माल, हे शब्द खरं तर मला पुरेसे होते. पण मी त्या दिवशी स्वतःच्या घासाघिशीवर खूश होतो.

भाऊंनी नानांना स्वतःच्या हातानं टोपी घातली. एक टॉवेल त्यांना, एक अक्कांना. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. बाईमाणसाला टॉवेल देत नाहीत, पण भाऊ म्हणाले, "नाना आले ते अक्कांनी येऊ दिले म्हणून." नानांचे डोळे भरून आल्यासारखे दिसले. मी त्यांना सत्कार चुकवण्यासाठी मागच्या दारानं पळताना पाहिलेलं आहे. तो टॉवेल मात्र त्यांनी परतीच्या एसटीत मांडीवर ठेवला होता.

दोन वर्षं भरली. नाना पट्टी पुरून गेले. पुढं पावसाळा होता, ओल चांगली होती. दोन महिन्यांनी आम्ही तिघं तुकड्यावर उभे राहिलो. उडीद काढलेला होता. नानांनी स्वतः उकरलं. पट्टी निघाली. चिखलानं भरलेली. झटकली, उन्हात धरली. उलटी करून धरली.

एकही भोक नव्हतं.

नानांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. नानांचं एक तत्त्व होतं. "डॉक्टरनं रडू नये आणि खोटं बोलू नये." ते भाऊंकडं वळून म्हणाले, "माटी मरेल शे, भाऊ. मी समजायनू तेनापेक्षा जास्ती." मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. भाऊंनी फक्त विचारलं, "म्हणजे दोन वर्षं गेली?" नाना म्हणाले, "गेली."

त्यांनी पट्टीवर तारीख घातली, ती पिशवीत ठेवली आणि आम्ही चहा न घेता निघालो.

पंधरा दिवसांनी भाऊंचा फोन आला. वीटभट्टीवाला केव्हापासून मागं लागला होता, त्याला तुकड्यातली माती दिली. "मेलेली माती भट्टीतच जाईन ना, आन कोठे?" ते म्हणाले. मी धुळ्यात, परीक्षेच्या कामात. मी म्हटलं, "तुझं तू बघ." हे तीन शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरले आहेत आणि दर वेळी ते समजूतदारपणाचे वाटले आहेत. जेसीबीनं आठ दिवसांत पुरुषभर खोल माती नेली. खाली पिवळा, चिकट थर उघडा पडला. मधोमध विजेचा खांब होता, त्याच्याभोवती तेवढी माती सोडली. त्या खड्ड्यात तो खांब उंच ढिगाऱ्यावर उभा राहिला, एखाद्या पुढाऱ्याच्या पुतळ्यासारखा.

यानंतर दोनेक महिन्यांनी नाना सकाळी माझ्या घरी आले. ते कधी घरी येत नसत. हातात पिशवी, अंगात कालचाच शर्ट. बसले नाहीत. पिशवीतून एक टॉवेल काढला. कोपऱ्यात वितळून काळी, कडक गाठ झालेली.

"अक्कांनी तवा उचलला याने," ते म्हणाले. "बोटाला चिकटला. सुती कापड जळतं, मास्तर. वितळत नाही."

मला काही समजेना. कॉलेजात ते सगळ्यांनाच मास्तर म्हणत, पण आज तो शब्द आधाराला धरल्यासारखा म्हणाले. मग त्यांनी दुसरा कपडा काढला. भाऊंच्या तुकड्यातून निघालेली पट्टी. तोच रंग, तीच निळी किनार.

"धोतरं संपली होती," नाना म्हणाले. "नेसणारेच संपले. आबांचं शेवटचं मागायला मला जिवावर आलं. म्हटलं हा टॉवेल भाऊंनी दिलेला आहे, त्यांच्याच वावरात पुरू. दोरा जाळायला काडी काढली तर अक्का म्हणाल्या, पोरीच्या लग्नातला आहेर, त्याला काडी लावू नका. नाही लावली. म्हटलं, बोटांना कळतं."

बोटांना कळतं. नानांना जगातल्या सगळ्या मिरवणाऱ्यांचा तिटकारा होता. स्वतःच्या बोटांपुरता मात्र त्यांनी अपवाद केला होता.

त्यांनी दोन्ही कपडे माझ्या खिडकीच्या गजांवर शेजारी शेजारी टाकले. बाहेर ऊन होतं. अक्कांच्या टॉवेलातून काही दिसत नव्हतं. पुरलेल्या, आता धुतलेल्या पट्टीतून मात्र समोरच्या घराची गच्ची, गच्चीवरची टाकी, वाळत घातलेल्या पापडांची चादर, सगळं मच्छरदाणीतून दिसावं तसं दिसत होतं. टॉवेल मिश्र धाग्याचा होता. त्यातला कापसाचा धागा नि धागा खाल्ला गेला होता आणि ज्याला कोणी तोंड लावू शकत नाही, ती नुसती जाळी राहिली होती.

"इतलं बी दिसनं नही माले," नाना म्हणाले. एवढंही दिसलं नाही मला. "मरेल माटीमा निदान एक भोक पडेल व्हतं. आठे एकबी नही, तव्हयच समजाले जोयजे व्हतं." मेलेल्या मातीतही एक भोक होतं, इथं एकही नाही, तेव्हाच कळायला हवं होतं. मग खिडकीला हात लावून उभे राहिले आणि पुढचं वाक्य त्यांनी कोणालाही न सांगता सांगितलं. "बठ्ठा जेवी गयात. ताट तेवढं ठेवं. अन् मी म्हनं, कोनी उनंच नही."

सगळे जेवून गेले. ताट तेवढं ठेवलं. आणि मी म्हटलं, कोणी आलंच नाही.

ते टॉवेल कोणी विकत आणले होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो विषय काढला नाही. मी त्याच दिवशी त्यांच्याबरोबर गावी गेलो. धुळे ते जळगाव, तिथून रावेरची एसटी. पाच तासांत नाना एकदाच बोलले. धरणगावच्या बाजूला रस्त्यालगत कपाशी उभी होती, तिच्याकडं पाहत म्हणाले, "परीक्षेत मी हाच प्रश्न विचारतो. कृत्रिम धागा कसा ओळखाल. दोन गुण."

भाऊ ओट्यावर होते. नानांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. सारवासारव केली नाही, अक्कांचं नाव घेतलं नाही. म्हणाले, काडी लावायची मी विसरलो. तुमची माती जिवंत झाली होती. मी मेली म्हणून सांगितलं.

भाऊंनी पट्टी हातात घेतली, वर धरली, तिच्यातून आकाशाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "टॉवेल तूच आनले होते ना रे?"

"हो," मी म्हटलं.

ते नानांकडं वळले. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही मास्तर लोकं. तुमच्याकडून पेपर चुकला तं पोरगं पुढच्या वर्षी बसते. माझं वावर कोन्या परीक्षेला बसवू?"

वहिनींनी चहा आणला. नानांनी घेतला नाही. ते एकटेच पायवाटेनं तुकड्याकडं गेले. ओट्यावरून तो खड्डा आणि खांब दिसत होता. नाना खड्ड्यात उतरले, मग त्या ढिगाऱ्यावर चढले आणि खांबाशेजारी बसले. भाऊ बराच वेळ पाहत होते. मग आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात चहाची किटली होती आणि काखेत आबांचं शेवटचं धोतर. ते त्यांनी आठवण म्हणून ठेवलेलं होतं.

"तिथं पुरा," ते ढिगाऱ्याखाली उभे राहून म्हणाले. "ती तं त्याच वावराची माती आहे."

नानांनी दोरा ओढला आणि काडी लावली. दोन काड्या वाया गेल्या. कागदासारखा वास आला.

दोन महिन्यांनी त्या ढिगाऱ्यातून काठाचे दोन रंगीत दोरे निघाले. बाकी काही शिल्लक नव्हतं. असा निकाल नानांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. एरवी ते गावभर दाखवत फिरले असते. त्यांनी ते दोरे भाऊंच्या तळहातावर ठेवले. भाऊंनी मूठ मिटली. कोणी कोणाकडं पाहिलं नाही.

तेव्हापासून नाना दर महिन्याला येऊ लागले. निवृत्त झाले होते, गुडघे दुखत होते, एसटीच्या पायऱ्या चढताना दोन्ही हातांनी दांडा धरावा लागे. ढिगाऱ्याच्या कडेची दोन घमेली माती घ्यायची आणि खड्ड्यातल्या पिवळ्या थरावर, चिरलेल्या केळीच्या खांबांवर, शेणावर भुरभुरायची. याला ते विरजण म्हणत. विजेचा खांब पडू नये म्हणून किती माती काढायची, याचा हिशेब भाऊंनी ठेवला. नाना स्वतःला फसवत नव्हते. पुरुषभर माती दह्यासारखी लागत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"किती वर्षं चालन हे?" भाऊंनी एकदा विचारलं.

"आपल्या दोघांच्या हयातीत व्हायचं नाही."

"मग कायले येता?"

"विरजण लावणाऱ्यानंच दही खायला बसलं पाहिजे, असं कुठंय?"

भाऊंनी त्या वर्षी उरलेल्या दहा एकरांतले तीन एकर रिकामे ठेवून ताग पेरला. यावर दोघं कधी काही बोलले नाहीत. गावही बोललं नाही. खड्ड्याची चेष्टा करायला गावालाही जड गेलं असावं.

मागच्या उन्हाळ्याच्या आधी नाना गेले. सकाळी पेपर वाचताना. पांझरा नदीकाठी त्यांना पोचवून आलो. कॉलेजनं शोकसभा घेतली. जे त्यांच्या अहिराणीला घाबरत, ते विभागप्रमुख त्यांना 'मातीचे महर्षी' म्हणाले. एका वक्त्यानं त्यांनी कॉलेजात गांडूळखत प्रकल्प उभारल्याचं सांगितलं. तो त्यांनी उभारला नव्हता आणि उद्घाटनानंतर कोणीच चालवला नव्हता. फोटोला हार प्लॅस्टिकच्या फुलांचा होता. वर्षानुवर्षं टिकेल असा. अक्कांना शाल दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, काठाचा एक दोरा दोन बोटांत धरून चोळला आणि माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघंही त्या सभेत तेवढ्यापुरते हसलो. मग त्यांना रडू आलं.

तेराव्यानंतर अक्कांनी मला बोलावून एक बोचकं दिलं. आत पट्ट्या होत्या. कुठून कुठून मागून आणलेल्या धोतरांच्या, बहुतेक साक्री-शिरपूरकडच्या म्हाताऱ्यांच्या. प्रत्येक पट्टीचा एक कोपरा जाळलेला होता. एकही सुटली नव्हती.

पाऊस सुरू झाल्यावर त्यातली एक भाऊंनी आणि मी खड्ड्यात पुरली. ढिगाऱ्यात नाही, खाली, जिथं नानांचं विरजण पडत होतं तिथं. मी काठी रोवली. दोन महिने मी धुळ्यातून रोज त्या पट्टीचा विचार करत होतो, असं म्हटलं तर खोटं होईल. पण सभासमारंभात भाषणं लांबली की करत असे.

परवा उकरली. भाऊ गुडघ्यावर बसले होते. वय झालं आहे, वाकताना कण्हतात. पट्टी निघाली. पिवळ्या मातीनं माखलेली, जवळजवळ अखंड. माझं मन खट्टू झालं आणि मी हात पुढं केला. नानांच्या त्या बोचक्यात ठेवावी, तारीख घालावी, असं काहीतरी डोक्यात होतं. भाऊंनी दिली नाही. त्यांनी ती झटकली आणि दोन्ही हातांनी उन्हात धरली. बराच वेळ धरली. मग एक बोट हळूहळू फिरवत नेलं आणि थांबवलं. पुन्हा फिरवलं, थांबवलं. मसुराच्या दाण्याएवढी भोकं होती.

आमच्या घरात अहिराणी कोणी बोलत नाही. भाऊ तर तिला धुळ्याकडची भाषा म्हणून हसायचे.

"तीन जन जेवी गयात," ते म्हणाले.

मग त्यांनी पट्टी पुन्हा खड्ड्यात अंथरली आणि वरून माती ओढायला लागले. मी म्हटलं, "अरे, पुरतोस काय परत?"

"राहू दे," भाऊ म्हणाले. "मागची पंगत अजून बसायची आहे."